मेंदू मोठा झाला म्हणून माणूस बोलायला लागला, की बोलायला लागला म्हणून मेंदू मोठा झाला?

उंबरठा

नमस्कार मंडळी. ऑफिसात डबा खाताना वाद झाला त्यातून हा धागा. आमचा एक कलीग छातीठोकपणे म्हणतो की निअँडरथल लोकांना (म्हणजे आपले ते नामशेष झालेले चुलतभाऊ) बोलता येत नव्हतं म्हणून ते संपले आणि आपण उरलो. मी म्हटलं अरे पण त्यांचा मेंदू आपल्याहून मोठा होता असं वाचलंय, मग एवढा मेंदू घेऊन काय नुसते एकमेकांकडे बघत बसायचे का? तर म्हणे मेंदू असून काय उपयोग, घसा नको का तसा. तिथं मला उत्तर सुचलं नाही.

तर प्रश्न असा की आधी काय आलं, मोठा मेंदू का भाषा? आणि मुळात लाखो वर्षांपूर्वीचा माणूस बोलत होता का नव्हता हे नुसत्या हाडांवरून कसं काय सांगतात बुवा, टेप तर कुणी लावून ठेवला नव्हता. मी कॉमर्सवाला आहे, जरा सोप्यात सांगा, आणि कृपया 'गुगल कर' म्हणून सोडू नका.

रानवारा१२

छान प्रश्न आहे. मेंदूपासून सुरू करतो कारण लोक तिथंच घसरतात.

लूसी (तो इथिओपियातला प्रसिद्ध जुना सांगाडा) ज्या जातीची होती ते ऑस्ट्रेलोपिथेकस, म्हणजे ३०-३५ लाख वर्षांपूर्वीचे, त्यांचा मेंदू साधारण ४००-५०० घन सेंटिमीटर, चिंपांझीच्या जरासा वर. होमो हॅबिलिस ६०० च्या आसपास, होमो इरेक्टस ६०० पासून पार ११०० पर्यंत, निअँडरथल सरासरी १५०० आणि आपण १३५०. हे आकडे असे ओळीने लावले की वाटतं बघा जिना चढत गेलो, वरच्या पायरीवर भाषा ठेवलेली होती, घेतली. पण तसं नाहीये. इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावर लिआंग बुआ गुहेत २००३ साली जेमतेम साडेतीन फूट उंचीची माणसं सापडली, होमो फ्लोरेसिएन्सिस, त्यांचा मेंदू ४०० च्या थोडा वर, म्हणजे लूसीएवढाच, आणि तरी हे लोक व्यवस्थित दगडी हत्यारं बनवत होते. दक्षिण आफ्रिकेत २०१३ मध्ये सापडलेला होमो नालेदी, मेंदू ४६५ ते ६१० च्या दरम्यान, आणि काळ किती तर फक्त अडीच-तीन लाख वर्षांपूर्वीचा. म्हणजे आपले पूर्वज आफ्रिकेत फिरत होते तेव्हाच त्यांच्या निम्म्याहून कमी मेंदूचे हे चुलतभाऊ पण तिथंच मजेत जगत होते. त्यामुळे किती सीसी यावरून बोलत होते का हे ठरवणं सोडून द्या.

मला जास्त इंटरेस्टिंग वाटतो तो आकार, म्हणजे शेप. मोरोक्कोत जेबेल इरहूदला ३ लाख वर्षांपूर्वीच्या कवट्या मिळाल्यात, चेहरा बराचसा आपल्यासारखा, मेंदूचं माप पण आपल्याएवढंच, पण कवटी मागे लांबट. जर्मनीत लाइपझिगच्या माक्स प्लांक इन्स्टिट्यूटवाल्यांनी २०१८ मध्ये अशा बऱ्याच कवट्या स्कॅन करून दाखवलं की आपला हा गोलसर मेंदू फार उशिरा, साधारण १ लाख ते ३५ हजार वर्षांपूर्वीच्या दरम्यान हळूहळू तयार झाला. म्हणजे माप आधी पूर्ण झालं आणि आतली मांडणी नंतर बदलत राहिली. फुगवटा कुठं आला तर वरच्या बाजूला आणि मागच्या लहान मेंदूत. निअँडरथलचा मेंदू मोठा खरा पण लांबटच राहिला.

आणि मेंदू हे खर्चिक प्रकरण आहे बरं का. वजन शरीराच्या २ टक्के आणि बसल्या जागी २० टक्के ऊर्जा खातो. पाचेक वर्षांच्या पोराचा तर दिवसाच्या एकूण ऊर्जेपैकी ४० टक्क्यांवर एकटा मेंदू घेतो. एवढा खर्च परवडला कसा यावर आयेलो आणि व्हीलर या संशोधकांनी १९९५ मध्ये मांडलं की आतडी आखूड झाली, तिथली बचत मेंदूकडे वळली. मांस, मग विस्तवावर शिजवलेलं अन्न, म्हणजे पचवायला सोपं. त्यावरही भांडणं आहेत पण खर्चाचा मुद्दा कुणी नाकारत नाही. तर आधी काय या प्रश्नाला माझं उत्तर, मेंदू वाढायला लागला तो भाषेच्या खूप आधी आणि वेगळ्याच कारणांनी. भाषेने नंतर त्यात भर घातली असेल, हे अगदी शक्य आहे.

शंकासूर

मला हा सगळाच प्रकार अंदाजपंचे दाहोदरसे वाटतो. बोलणं हवेत विरून जातं, मागे काही राहत नाही, मग ज्याला जे वाटेल ते त्याने ठोकून द्यावं. पॅरिसच्या भाषाशास्त्रवाल्यांच्या संस्थेने १८६६ मध्ये नियमच केला होता की भाषेच्या उगमावर एकही निबंध घेणार नाही. शहाणे लोक होते.

ठसकेबाज_डॉक्टर

शंकासूर, सगळं हवेत विरत नाही, थोडं गळ्यात अडकून राहतं :) मी कान-नाक-घसावाला, त्यामुळे घशाबद्दल बोलायचा हक्क राखून ठेवतो.

आपल्या गळ्यात हनुवटीच्या खाली एक छोटं घोड्याच्या नालेसारखं हाड असतं, हायॉइड. शरीरातलं हे असं हाड आहे जे दुसऱ्या कुठल्याच हाडाला जोडलेलं नाही, स्नायूंवर टांगलेलं असतं, जीभ आणि स्वरयंत्र त्याच्या आधाराने हलतात. क्राइम सिरीयल बघणाऱ्यांना माहीत असेल, गळा दाबून खून झाला का हे बघताना पोस्टमॉर्टममध्ये हेच हाड मोडलंय का बघतात. नाजूक असल्यामुळे जीवाश्मात जवळजवळ कधी मिळत नाही. पण १९८३ मध्ये इस्राइलच्या केबारा गुहेत ६० हजार वर्षांपूर्वीचा एक निअँडरथल पुरुष सापडला, गंमत म्हणजे त्याची कवटी गायब आणि हायॉइड शाबूत! आणि ते हाड निघालं जवळपास आपल्यासारखंच. नंतर सीटी करून आतली जाळी पण बघितली, तीही आपल्यासारखीच, म्हणजे त्या हाडावर ताण पण तसाच पडत असणार. याउलट इथिओपियात दिकिकाला ३३ लाख वर्षांपूर्वीची एक चिमुरडी मिळाली, तिचं हायॉइड थेट चिंपांझीच्या वळणाचं आहे, म्हणजे गळ्यात हवेची पिशवी असणार, गोरिला-चिंपांझीला असते तशी. आपल्याला ती नाही.

कलीगचा मुद्दा कुठून आला तेही सांगतो. १९७१ मध्ये लीबरमन आणि क्रेलिन या संशोधकांनी फ्रान्सच्या ला शापेल-ओ-साँ इथल्या निअँडरथलच्या कवटीवरून घसा बांधून बघितला आणि म्हणाले की याला आ, ई, ऊ हे स्वर नीट काढता येणार नाहीत, कारण स्वरयंत्र वर आहे. आपलं स्वरयंत्र खाली उतरलेलं असतं, म्हणून तोंडामागे मोकळी जागा मिळते आणि म्हणूनच आपल्याला जेवताना ठसका लागतो, आमचा धंदा त्यावर चालतो. पुढची पन्नास वर्षं हे शाळा-कॉलेजात रुजलं. पण त्या घशाच्या बांधणीवर तेव्हापासूनच आक्षेप आहेत, आणि २००१ मध्ये कळलं की लाल हरणांच्या नराचं स्वरयंत्र पण खाली असतं, डरकताना तर अजून खाली ओढतात, आणि हरणं काही व्याख्यानं देत नाहीत. मग २०१६ मध्ये माकडाच्या घशाचे एक्स-रे व्हिडिओ घेऊन कॉम्प्युटरवर आवाज तयार केला, तर त्या घशातून कळण्यासारखे स्वर निघू शकतात असं दिसलं. त्यांनी माकडाच्या घशातून 'माझ्याशी लग्न करशील का' असं इंग्रजीत बोलवून दाखवलंय, ऐका कधीतरी, रात्री एकटे असताना मात्र ऐकू नका. तर माकडाचा घसा पुरेसा आहे, तो चालवायला वर ड्रायव्हर नाही. मग निअँडरथलने काय पाप केलंय?

अजून एक, कान. स्पेनमध्ये आतापुएर्काच्या खड्ड्यात ४ लाख ३० हजार वर्षांपूर्वीच्या माणसांचे सांगाडे आहेत, निअँडरथलच्या पूर्वजांकडचे. त्यांच्या आणि निअँडरथलच्या कानांचे सीटी स्कॅन करून हिशेब केला की कुठल्या पट्टीतले आवाज चांगले ऐकू यायचे. २०२१ च्या पेपरात निअँडरथलची पट्टी आपल्याइतकीच रुंद निघाली, म्हणजे स-त-क यांसारखी व्यंजनं जिथं पडतात तिथपर्यंत. काही ऐकायचंच नसेल तर कान तिथं का ट्यून होईल?

श्वासाबद्दल पण आहे, बोलायला लांब उच्छ्वासावर ताबा लागतो, त्यासाठी छातीकडे जाणाऱ्या नसा जाड, म्हणजे मणक्यातला बोगदा रुंद. केनियात मिळालेल्या १५ लाख वर्षांपूर्वीच्या तुर्काना बॉयचा तो बोगदा अरुंद होता, म्हणून इरेक्टस बोलत नव्हता असं ठरवलं होतं. मग जॉर्जियात दमानिसीला त्याहून जुने मणके मिळाले ते रुंद निघाले. बसा आता.

हातवारे

डॉक्टरसाहेब, प्रतिसाद झकास, पण सगळे घशातच अडकलेत म्हणून लिहितेय. मी कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवते. भाषा आणि आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हो! आमची पोरं हातांनी भांडतात, चहाडी करतात, खोटं बोलतात, टोमणे मारतात, मधल्या सुट्टीत या आणि बघा कोण कुणाला गप्प करतंय ते. साइन लँग्वेजला पूर्ण व्याकरण असतं. आणि मेंदूतल्या डाव्या बाजूच्या ज्या ब्रोका भागाला पक्षाघातात मार बसला की ऐकू येणाऱ्यांचं बोलणं तुटक होतं, त्याच भागाला मार बसला की साइन करणाऱ्यांच्या खुणा तुटक होतात, हात धडधाकट असले तरी. म्हणजे मेंदूला तोंड काय नि हात काय, काही पडलेली नाही.

आणि भाषा उगवताना कुणी बघितलीच नाही असं पण नाही. निकाराग्वाची गोष्ट. १९७० च्या दशकाच्या शेवटापर्यंत तिथली कर्णबधिर मुलं आपापल्या घरी एकटी असायची, घरापुरत्या चार खुणा. मग मानाग्वात त्यांच्यासाठी शाळा निघाली, शेकडो मुलं एकत्र आली. शिक्षक त्यांना ओठ वाचून स्पॅनिश शिकवायच्या मागे, ते काही जमेना, पण मैदानात आणि बसमध्ये मुलांनी आपापल्या घरच्या खुणा एकत्र करून काहीतरी सुरू केलं. पुढे जी लहान मुलं शाळेत आली त्यांनी तेच उचलून त्याला व्याकरण दिलं, जे मोठ्या मुलांच्या खुणांत नव्हतं. कोण कुणाला मारतंय, कुठल्या बाजूला, कशा पद्धतीने, हे सगळं वेगवेगळं तोडून जोडायला लागली. १९८६ पासून भाषाशास्त्रज्ञ तिथं जाऊन व्हिडिओ घेत होते. कुठल्याही मोठ्या माणसाने शिकवलं नाही! मुलं आणि संगत, बस्स.

मला त्यामुळे वाटतं की सुरुवात हातांनीच झाली असणार. चिंपांझींचे आवाज बरेचसे ठरलेले असतात पण हातवारे मात्र ते समोरच्याकडे बघून, लक्ष आहे का ते पाहून करतात. व्हिकी नावाच्या चिंपांझीला एका जोडप्याने घरी वाढवलं, वर्षानुवर्षं मेहनत करून चारेक शब्द कसेबसे बोलली. वॉशो नावाच्या दुसऱ्या चिंपांझीला साइन शिकवली तर सव्वाशेच्या वर खुणा शिकली.

रानवारा१२

हातवारे ताई, +१, पण वॉशोच्या खुणांना वाक्य म्हणायचं का यावर पुढे फार राडा झाला. निम चिम्पस्की नावाच्या अजून एका चिंपांझीवर काम करणाऱ्या टेरेसने १९७९ मध्ये स्वतःचेच व्हिडिओ परत बघून लिहिलं की हा बहुतेक वेळा माणसाची नक्कल करतोय आणि केळं मागतोय. शब्द आहेत, रचना नाही. निकाराग्वाच्या लहान मुलांनी जे केलं ते त्याने कधीच केलं नाही, मला तरी खरा फरक तिथंच दिसतो.

पेट्रीडिश

जीनचा विषय कुणीच काढला नाही? बायोटेकला आहे, परीक्षा चालू आहे, तरी लिहितेच.

लंडनमध्ये एक कुटुंब आहे, पेपरमध्ये त्याला केई म्हणतात, तीन पिढ्यांतल्या जवळपास निम्म्या लोकांना उच्चार करायला आणि व्याकरणाला पण खूप त्रास. २००१ मध्ये कळलं की सातव्या क्रोमोसोमवरच्या फॉक्सपी२ नावाच्या एका जीनमध्ये एक अक्षर बदललंय. झालं, पेपरवाल्यांनी 'भाषेचं जीन सापडलं' करून टाकलं. २००२ मध्ये कळलं की आपल्या आणि चिंपांझीच्या या प्रोटीनमध्ये फक्त दोन अमिनो ॲसिडचा (प्रोटीन ज्या तुकड्यांचं बनतं ते) फरक आहे आणि तो गेल्या २ लाख वर्षांतला असावा असा हिशेब मांडला. सगळे खूष. २००७ मध्ये स्पेनमधल्या निअँडरथलच्या हाडात बघितलं तर तेच दोन बदल त्यांच्यातही! म्हणजे हे बदल दोघांचे पूर्वज वेगळे व्हायच्या आधीचे. आणि २०१८ मध्ये आफ्रिकेतले जास्त लोक घेऊन परत मोजलं तर तो 'अलीकडचा' सिग्नल पण गायबच झाला. आता सगळे गप्प. हे जीन उंदरात आहे, गाणाऱ्या झेब्रा फिंच पक्ष्यात आहे, तिथं ते कमी केलं की पिल्लू गाणं चुकीचं शिकतं. तोंडाच्या हालचाली एकामागून एक शिकण्याशी त्याचा संबंध आहे, भाषा त्यात 'लिहिलेली' नाही. एक जीन एक काम हे डोक्यातून काढा प्लीज, आमचे सर पण सांगून थकले.

कुकडीकाठ

मी जुन्नरकडचा. हाडं-जीन ठीक आहे पण भारतात हाडंच नाहीत ना फार. नर्मदेकाठी हथनोऱ्याला १९८२ मध्ये भूगर्भ खात्याच्या अरुण सोनकियांना एक अर्धी कवटी मिळाली, तिच्या मेंदूचं माप साडेअकराशे ते चौदाशे असं कोण काय धरतं त्यावर बदलतं, आणि ती इरेक्टसची का अजून कुणाची यावर एकमत नाही. त्यामुळे आपल्याकडे सगळी भिस्त दगडांवर. आमच्या बोरीला कुकडीच्या काठी ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि हातकुऱ्हाडी मिळाल्यात, पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या लोकांनी खोदकाम केलंय. ती राख सुमात्राच्या टोबा ज्वालामुखीची ७४ हजार वर्षांपूर्वीची का त्याहून लाखो वर्षं जुनी यावर वर्षानुवर्षं वाद आहे. इकडं लोकांना टोमॅटो-द्राक्षाचा भाव विचारा, राखेचं कुणाला माहीत नाही. तमिळनाडूत अत्तिरमपक्कमला मात्र हातकुऱ्हाडी १५ लाख वर्षांपूर्वीच्या आहेत, ते नीट मोजलंय.

आता दगडाचा नि भाषेचा संबंध काय तर शिकवणं. हातकुऱ्हाड ही दोन्ही बाजूंनी छिलके काढून, पुढचे चार घाव मनात धरून करायची गोष्ट आहे, मी एका वर्कशॉपला करून बघितली, अंगठा फोडून घेतला. २०१५ मध्ये एक प्रयोग झाला, १८० वर लोक घेतले, त्यांना साध्या छिलक्यांचं तंत्र साखळी पद्धतीने पुढच्याला द्यायला लावलं. काहींनी फक्त बघायचं, काहींना हातवाऱ्यांनी शिकवायचं, काहींना बोलून. नुसतं बघून शिकणारे फारसे पुढे गेले नाहीत, बोलून शिकवलेले सगळ्यात पुढे. मग त्यांचं म्हणणं, सुरुवातीची ओल्डुवान हत्यारं सात लाख वर्षं जवळपास तशीच राहिली कारण शिकवायची सोय नव्हती, आणि १७ लाख वर्षांपूर्वी हातकुऱ्हाड आली तेव्हा काहीतरी खुणा-बिणा, काहीतरी शिकवणं सुरू झालं असणार.

हातवारे

कुकडीकाठ, पण १९९७ चा जपानमधला प्रयोग पण आहे, लेव्हाल्वा पद्धतीचे दगड, म्हणजे हातकुऱ्हाडीहून अवघड. एका गटाला बोलून शिकवलं, दुसऱ्याला एक शब्द न बोलता. दोन्ही गट सारखेच शिकले. माझी बाजू मी सोडत नाहीये :D

शंकासूर

बरं, मान्य, अगदीच हवेत नाही. पण मग भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कीचं काय? तो म्हणतो भाषा हळूहळू आलीच नाही, एका माणसात एक बदल झाला, वाक्यात वाक्य बसवता यायला लागलं, आणि तेही लाखभर वर्षांच्या आत. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लोंबोस गुहेत पंचाहत्तर हजार वर्षांपूर्वी गेरूवर जाळीची नक्षी, शिंपल्यांचे मणी, हे सगळं तेव्हाच कसं उगवलं मग?

रानवारा१२

हा खरा प्रश्न. पण एक गोष्ट घ्या. आफ्रिकेतले सान लोक आणि बाकीची मानवजात यांच्या वाटा वेगळ्या व्हायला लागल्या त्याला जनुकांच्या हिशेबाने दोन लाखांच्या आसपास किंवा जास्तच वर्षं झाली. सान बाळ पुण्यात वाढलं तर अस्खलित मराठी बोलेल, आपलं बाळ तिकडं वाढलं तर ते चकचक आवाजवाले शब्द मजेत बोलेल. क्षमता सगळ्यांत शंभर टक्के सारखी. मग ती त्या फाट्याच्या आधीपासूनच होती असं मानणं सगळ्यात सोपं, नाहीतर एकच बदल नंतर सगळीकडे कसा पसरला ते सांगत बसावं लागेल. आणि मणी-नक्षी उशिरा दिसतात याचा अर्थ डोकं उशिरा आलं असा होत नाही, लोकसंख्या वाढली, गटागटांत ये-जा वाढली की आपण कोण हे दाखवायची गरज वाढते. मला स्वतःला वाटतं शब्द फार जुने, निदान निअँडरथल आणि आपला समाईक पूर्वज, म्हणजे पाच-सहा लाख वर्षं. लांबलचक वाक्यं, गोष्टी, उद्याचं नियोजन, हे मागून, तुकड्या-तुकड्यांनी.

उंबरठा

बापरे, एवढं येईल वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार, दोनदा वाचलं. एक राहिलं, बोलत होते तर मग निअँडरथल गेले कुठं?

पेट्रीडिश

साधारण ४० हजार वर्षांपूर्वी संपले पण कारण भाषाच असं धरायला काही आधार नाही. त्यांची संख्या मुळात फार कमी होती, छोटे-छोटे विखुरलेले गट. सायबेरियातल्या देनिसोवा गुहेतल्या एका निअँडरथल बाईचा जीनोम (सगळा डीएनए) वाचला तर तिचे आईवडील सावत्र भावंडांइतके जवळचे नातेवाईक निघाले. असे गट एखाद-दोन वाईट हिवाळ्यांत पण संपतात.

आणि पूर्ण गेले पण नाहीत. आफ्रिकेबाहेरच्या सगळ्यांच्या डीएनएत २ टक्क्यांच्या आसपास निअँडरथल आहे, स्वांते पेबो यांना २०२२ चं नोबेल याच कामाला मिळालं. म्हणजे आपल्या पूर्वजांनी त्यांच्याशी संसार केला, मुलं झाली आणि ती मुलं आपल्याच टोळीत वाढली. त्याच गुहेत ९० हजार वर्षांपूर्वीची एक मुलगी मिळाली जिची आई निअँडरथल आणि बाप देनिसोवन, हा अजून तिसराच प्रकार. त्या घरात कुणाची भाषा चालायची देव जाणे.

आपल्या कामाचं म्हणजे कोविडच्या वेळी तिसऱ्या क्रोमोसोमवरचा एक तुकडा सापडला, तो असला की आजार गंभीर व्हायचा धोका वाढतो, आणि तो निअँडरथलकडून आलाय. युरोपात साधारण १६ टक्के लोकांत, दक्षिण आशियात मात्र जवळपास निम्म्या लोकांत. चला, उद्या जेनेटिक्सचाच पेपर आहे, पळते.